आटपाडीचा हिशेबनीस, बोरिवलीचा आमदार

मुंबईच्या उपनगरांतून गाजलेल्या लोकप्रतिनिधींची मूळ गावे काढून पाहिली तर नकाशा चांगलाच लांब पसरतो. चेंबूरचे हशू अडवाणी सिंधमधल्या हैदराबादचे. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवता चालवता कामगारांचे पुढारी झालेले डॉ. दत्ता सामंत मालवणजवळच्या देवबागचे. मुलुंडने सरदार तारासिंग यांना १९९९ पासून सलग चार वेळा विधानसभेत पाठवले. राज्यात इतरत्र आमदारकीला घराणे, साखर कारखाना, सोयरीक, निदान वडिलोपार्जित वाडा तरी लागतो. अंधेरी-बोरिवलीत त्यातले काहीच चालत नाही, कारण मत देणाराही बाहेरूनच आलेला असतो. (गावठाणांतले कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन हे इथले खरे मूळ रहिवासी. पण चाळी आणि कॉलन्या उभ्या राहू लागल्या तसे मतदारयादीत त्यांचे प्रमाण झपाट्याने घटले.)

बाहेरून आलेल्या, साध्या धंद्या-नोकरीतल्या माणसाने नव्या वस्तीचा प्रतिनिधी होणे हा प्रकार जगात नवा नाही. बिली ह्यूजचेच पाहा. आईबाप वेल्श, जन्म लंडनचा, बालपणाचा काही काळ वेल्समधल्या लॅंडुड्नो या गावात गेला. १८८४ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला, पडेल ती कामे केली आणि १८९० च्या सुमारास सिडनीतल्या बाल्मेन या कामगार वस्तीत त्याने छोटे दुकान टाकले. तिथे छत्र्या दुरुस्त करून मिळत आणि राजकीय पत्रकेही विकत मिळत. गिऱ्हाईक कमी आणि वाद घालणारे जास्त अशी त्या दुकानाची ख्याती होती. १८९४ मध्ये ह्यूज न्यू साऊथ वेल्सच्या विधानसभेत निवडून गेला आणि १९१५ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. दुकानदाराला राजकारणात मोठा फायदा असतो. लोक रोज त्याच्या दारात येतात आणि कोणाला काय कमी पडते आहे, हे त्याला घरबसल्या कळते.

मुंबईच्या उपनगरात ही सोय दुकानापेक्षा रेल्वेच्या फलाटावर जास्त. राम नाईक यांची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

नाईक यांचा जन्म १६ एप्रिल १९३४ चा, सांगलीचा. ते वाढले आटपाडीत. माणदेशातले हे कोरडवाहू गाव तेव्हा औंध संस्थानात होते, आणि औंध संस्थान म्हणजे त्या काळातला एक विलक्षण प्रयोग होता. राजाने आपणहून सत्ता सोडली आणि १९३९ मध्ये गावपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना लागू केली. त्या कामात महात्मा गांधींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरची मेहनतही होती. कैद्यांना भिंतींविना ठेवणारी स्वतंत्रपूरची वसाहत आटपाडीजवळच उभी राहिली. या सगळ्याचा पाच वर्षांच्या मुलावर काय परिणाम झाला असेल, याचे तर्क मी करत बसणार नाही. लहानपणचे संस्कार शोधून काढण्याची हौस चरित्रकारांना फार असते. गावात पाऊस कमी होता आणि पोटासाठी शहर गाठावे लागे, एवढे पुरे.

पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून ते बी.कॉम. झाले, मग मुंबईला येऊन के. सी. कॉलेजातून कायद्याची पदवी घेतली. पहिली नोकरी महालेखापालांच्या कार्यालयात, वरिष्ठ कारकुनाची. तिथून ते खासगी क्षेत्रात गेले आणि कंपनी सेक्रेटरी व प्रमुख हिशेबनीस या पदांपर्यंत चढले. कंपनी सेक्रेटरी नेमके काय करतो, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सभांची इतिवृत्ते लिहिणे, कायद्याने ठरवलेल्या मुदतीत कागद दाखल करणे आणि वर्षाच्या शेवटी भागधारकांच्या हातात अहवाल ठेवणे हे त्याचे काम. पुढाऱ्यांच्या अंगात यातली एकही सवय सहसा नसते.

राहायला ते गोरेगावात होते. पश्चिम रेल्वेवर कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या ५ जानेवारी १९२८ पासून धावू लागल्या होत्या, पण मधली बहुतेक गावे त्यानंतरही गावेच राहिली. जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा भाग १९५० मध्ये महापालिकेत आला आणि गोरेगाव ते दहिसर व मुलुंडपर्यंतचा पट्टा १९५७ मध्ये. एकदा हद्द वाढली आणि माणसे येतच राहिली. घर मिळाले तिथे पाणी नव्हते, पाणी आले तिथे रस्ता नव्हता, आणि नोकरी तर वीस-तीस किलोमीटरवर, दक्षिण मुंबईत. सकाळी साडेआठच्या सुमारास फलाटावर सगळे एकाच रांगेत उभे. बँकेतला अधिकारी, गिरणीतला जॉबर, शाळेतल्या बाई, टायपिस्ट. जात, पगार, पक्ष कोणताही असो, तक्रार एकच: गाडी वेळेवर नाही आणि आली तर आत शिरता येत नाही.

या तक्रारीला नाईक यांनी संघटनेचे रूप दिले. १९६४ मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला. प्रवासी संघ हा उपनगरी मुंबईचा खास प्रकार. त्याचे सभासद पासधारक, आणि मागण्या अगदी नेमक्या असतात. अमक्या वेळची गाडी तमक्या स्थानकातून सोडा, फलाटाची उंची वाढवा, पादचारी पूल रुंद करा. वेळापत्रक पाठ असल्याशिवाय अशा संघात कोणी ऐकून घेत नाही. भाषण ठोकून इथे भागत नाही. रेल्वेचा अधिकारी ‘रेक नाहीत’ म्हणतो, तेव्हा रेक किती आहेत, किती दुरुस्तीला आहेत आणि कुठे पडून आहेत, हे सांगावे लागते. हिशेबनीसाला हे काम मानवले यात नवल नाही.

१९६९ मध्ये, पस्तिशीत, त्यांनी नोकरी सोडली आणि भारतीय जनसंघाचे मुंबईचे संघटनमंत्री म्हणून पूर्णवेळ काम पत्करले. पणतीचे चिन्ह घेऊन फिरणाऱ्या त्या पक्षाला तेव्हाच्या मुंबईत सत्ता दूरवरही दिसत नव्हती. संघटनमंत्री म्हणजे पडद्यामागचा माणूस. याद्या करायच्या, बूथ लावायचे, वर्गण्यांच्या पावत्या सांभाळायच्या. हे त्यांनी आठ वर्षे केले.

याच गोरेगावात दुसऱ्या टोकाच्या विचारांची आणखी एक कारकीर्द आधीच उभी राहिली होती. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आल्या, गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून त्यांनी सुरुवात केली आणि १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या. पाण्यासाठी त्यांनी इतके मोर्चे काढले की ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी स्वतःच्या मतदारसंघात हरल्या, तेव्हाची ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा जुन्या गोरेगावकरांना अजून तोंडपाठ आहे. जनता पक्षामुळे समाजवादी आणि जनसंघवाले तेव्हा एकाच मांडवात होते.

गोरे आणि नाईक यांचे मार्ग वेगळे पडले त्याला विचारसरणीइतकेच आणखी एक कारण आहे. उपनगरातल्या माणसाचे रोजचे जगणे तीन सरकारांत वाटलेले असते. नळ, गटार आणि गल्ली महापालिकेची. घर, झोपडपट्टी आणि पोलीस राज्याचे. लोकल मात्र दिल्लीची. पाण्याचा प्रश्न पालिकेत आणि विधानसभेत लढता येतो. गोरेबाई तो तिथेच लढल्या. नागरी निवारा परिषदेच्या कामातून पुढे दिंडोशीला हजारो घरे उभी राहिली, तीही जमिनीसाठी झुंजून. गाड्यांचा प्रश्न घेऊन उठलेल्या माणसाला मात्र आज ना उद्या दिल्ली गाठावी लागते. आमदाराने रेल्वेवर कितीही ओरडा केला तरी रेल्वे मंत्रालयाच्या लेखी ते एक निवेदन असते.

दिल्लीआधी अकरा वर्षे विधानसभा झाली. १९७८ च्या निवडणुकीत नाईक बोरिवलीतून जनता पक्षाचे आमदार झाले, चिन्ह नांगरधारी शेतकरी. दोन वर्षांत पक्ष फुटला. ६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि लगेच पुढच्या महिन्यात महाराष्ट्रात मतदान आले. कमळ हे चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसलेही नव्हते. काँग्रेसच्या लाटेत भाजपला २८८ पैकी १४ जागा मिळाल्या, आणि त्यातली एक बोरिवलीची होती. १९८५ मध्ये ते पुन्हा तिथूनच आले. चिन्ह बदलूनही माणूस टिकतो, तेव्हा त्यामागे लाट नसते. माझ्या मते त्याची दोन कारणे होती. एक, प्रवासी संघामुळे फलाटावर झालेली ओळख. दुसरे, त्यांनी लावून घेतलेली एक सवय: दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवायचा. किती प्रश्न विचारले, कोणते काम झाले, कोणते अडले. कंपनीच्या सेक्रेटरीने भागधारकांना पाठवावा तसा. आज प्रत्येक नगरसेवक चकचकीत कार्यअहवाल वाटतो आणि त्यात मुख्यतः फोटो असतात. तेव्हा हे नवे होते, आणि त्यात आकडे असत.

१९८९ मध्ये ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले आणि १९९१, १९९६, १९९८, १९९९ अशा सलग पाच निवडणुका जिंकले. हा मतदारसंघ त्या वेळी दहिसरला संपत नव्हता. खाडी ओलांडून वसई आणि थेट पालघरपर्यंत तो पसरला होता. खासदारांचा बराच मतदार विरारच्याही पलीकडे राहत होता आणि त्याच्या वाट्याला दिवसातून मोजक्या शटल गाड्या येत होत्या. बोरिवली-विरार मार्गाचे चौपदरीकरण आणि डहाणूपर्यंत लोकल या मागण्या नाईक यांच्या भाषणांत इतक्या वर्षांनुवर्षे का येत राहिल्या, याचे उत्तर मतदारसंघाच्या या आकारात आहे.

दिल्लीत त्यांनी दोन-तीन गोष्टी अशा केल्या ज्यांचा उपनगराशी थेट संबंध नव्हता. संसदेत ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ व्हावे, हा विषय त्यांनी लावून धरला आणि १९९२ मध्ये तो पार पडला. ‘बॉम्बे’चे सर्व भाषांत ‘मुंबई’ व्हावे यासाठी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. १९९४ मध्ये कर्करोगाने गाठले, त्यातून ते उठले आणि पुन्हा सभागृहात आले.

खासदार स्थानिक विकास निधीची कल्पना आपली, असे नाईक सांगत आले आहेत. पंतप्रधान नरसिंह राव यांनी २३ डिसेंबर १९९३ रोजी ही योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला ५ लाख रुपये, पुढच्या वर्षी १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी. हा पैसा खासदाराच्या हातात पडत नाही. तो काम सुचवतो आणि जिल्हाधिकारी ते मंजूर करून यंत्रणेकडून करवून घेतो. उपनगरात या पैशाने समाजमंदिरे, शौचालये, बागा, वाचनालये झाली. टीकाही जुनीच आहे: कायदे करायला पाठवलेल्या माणसाला तुम्ही नगरसेवक करून टाकता, आणि मंजुरीच्या बदल्यात टक्केवारीला वाट मोकळी करून देता. २००५ मध्ये एका दूरचित्रवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्याने काही खासदारांना अशा सौद्यात पकडलेही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. मला टीका पटते. पण नाल्यावरचा साकव मोडल्यावर तीन सरकारांच्या खिडक्या फिरून आलेल्या माणसाला ती पटवून द्यायला जाणार नाही.

मार्च १९९८ मध्ये नाईक रेल्वे राज्यमंत्री झाले. गाइसलच्या भीषण अपघातानंतर ऑगस्ट १९९९ मध्ये रेल्वेमंत्री नितीशकुमारांनी राजीनामा दिला, तेव्हा काही आठवडे खात्याचा पूर्ण भारही त्यांच्याकडे आला. प्रवासी संघ काढणारा माणूस पस्तीस वर्षांनी त्याच रेल्वेचा मंत्री होतो, हे ऐकायला छान वाटते. खरी अडचण मात्र माणसांची नव्हती. मुंबईच्या लोकलने कोविडपूर्वी रोज सुमारे ७५ लाख लोक प्रवास करत, म्हणजे देशातल्या एकूण रेल्वेप्रवाशांतले जवळपास एक तृतीयांश. पण पासाचे दर इतके स्वस्त की रेल्वेच्या ताळेबंदात हा सगळा पसारा तोट्याचा. देशभरच्या मागण्यांच्या रांगेत तोट्याचे काम नेहमी मागे राहते. राज्य सरकार म्हणे रेल्वे केंद्राची, आणि रेल्वे म्हणे शहर तुमचे.

यावर काढलेला तोडगा म्हणजे मुंबई रेल्वे विकास महामंडळ. १२ जुलै १९९९ रोजी त्याची नोंदणी झाली. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९ टक्के. कंपनीचे भागभांडवल विभागून दोन सरकारांना एका टेबलाशी बसवायचे, ही रचना कंपनी कायदा कोळून प्यायलेल्या माणसाच्या कारकिर्दीत जन्माला आली हा योगायोग मला फार आवडतो. या महामंडळामार्फत पुढे एमयूटीपी (मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्ट) हा प्रकल्प राबवला गेला. त्याला २००२ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, रुळांलगतच्या हजारो झोपड्यांचे पुनर्वसन झाले, नवे रेक आले आणि बोरिवली-विरार चौपदरीकरण याच प्रकल्पातून पुरे झाले. गर्दी संपली का? नाही. नऊ डब्यांच्या गाडीत साडेचार हजारांहून अधिक माणसे, चौरस मीटरला चौदा-सोळा जण उभे, ही अवस्था बारा आणि पंधरा डबे जोडूनही फारशी सुटली नाही, कारण डब्यांपेक्षा वस्ती वेगाने वाढली.

ऑक्टोबर १९९९ ते मे २००४ ते पेट्रोलियम मंत्री होते. १९९९ च्या निवडणुकीत त्यांना ५ लाख १७ हजारांवर मते पडली होती. गॅससाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणाऱ्या मध्यमवर्गाला त्यांनी जोडण्या मोकळ्या करून दिल्या. आधीच्या चाळीस वर्षांत जेवढ्या दिल्या गेल्या त्याहून जास्त जोडण्या आपण साडेचार वर्षांत दिल्या, असा त्यांचा हिशेब आहे. याच काळात त्यांच्या खात्यावर सर्वांत मोठा डागही पडला. पेट्रोल पंपांच्या वाटपात राजकीय नातेवाइकांची वर्णी लागल्याच्या बातम्या ऑगस्ट २००२ मध्ये आल्या आणि वाजपेयी सरकारने जानेवारी २००० पासूनची सगळी वाटपे सरसकट रद्द करून टाकली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सरसकट निर्णय रद्दबातल केला आणि संशयास्पद ४१३ प्रकरणे तपासायला समिती नेमली.

मग २००४. समोर काँग्रेसने उभा केला गोविंदा, ‘विरारचा छोकरा’ म्हणून स्वतःची ओळख सांगणारा सिनेनट. नाईक यांच्याजवळ पाच टर्मचे अहवाल होते, गोविंदाजवळ विरारच्या लोकलचा आपला भूतकाळ आणि त्याचे हसू होते. सुमारे ४८ हजार मतांनी नाईक हरले. या पराभवावर सिनेमाच्या वेडाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. जोडणी एकदा घरात आली की गॅसची रांग कोणी आठवत बसत नाही. गर्दी मात्र रोज आठवण करून देते. केलेल्या कामाचा हिशेब मागचा असतो आणि मत पुढचे असते. शिवाय ज्या नव्या इमारतींत नवे मतदार आले होते, त्यांच्या लेखी गोरेगाव प्रवासी संघ ही कोणाच्या तरी वडिलांच्या काळची गोष्ट होती.

२००९ पर्यंत मतदारसंघांची पुनर्रचना झाली. वसई-पालघर वेगळे निघाले, उत्तर मुंबई दहिसरलाच थांबली. नाईक पुन्हा उभे राहिले आणि काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्याकडून जेमतेम पाच हजार सातशेच्या आसपास मतांनी हरले. मनसेच्या उमेदवाराने लाखावर मते घेतली होती. पंचाहत्तराव्या वर्षी तो त्यांचा शेवटचा सामना ठरला.

दोन पराभवांच्या मधल्या काळात त्यांनी केलेले एक काम फारसे कोणाला माहीत नाही. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी संसदेत याचिका दाखल केली. खासदार नसलेल्या कोणत्याही नागरिकाला ही वाट खुली असते, पण ती वापरणारे विरळाच. राज्यसभेच्या याचिका समितीने सुनावण्या घेऊन २००८ मध्ये अहवाल दिला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद विवाहविषयक कायद्यांतून काढावी, हा त्या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांचा जुना आग्रह होता. संसदेने ती २०१९ मध्ये काढली.

तोवर ते लखनौच्या राजभवनात पाच वर्षे काढून परतण्याच्या बेतात होते. जुलै २०१४ ते जुलै २०१९ ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. मुंबईत राहणारे उत्तर भारतीय २४ जानेवारीला ‘उत्तर प्रदेश दिवस’ साजरा करत. खुद्द उत्तर प्रदेशात मात्र तसा सरकारी कार्यक्रम नव्हता. नाईक यांनी तो आग्रहाने सुरू करायला लावला आणि २०१८ पासून तो सरकारी पातळीवर होऊ लागला. त्याच वर्षी तिथल्या सरकारी कागदांत बाबासाहेबांचे नाव ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ असे लिहिण्याचा आदेश निघाला. मधले वडिलांचे नाव आणि ‘आं’मधला काना, दोन्हींसाठी त्यांनी संविधानावरच्या सहीचा दाखला दिला होता. उत्तर प्रदेशात त्यावरून राजकीय गदारोळ झाला. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत वडिलांचे नाव मधे येतेच, त्यामुळे इथल्या अनेकांना त्यात वाद कशाचा हेच कळले नाही. राज्यपालाला मतदार नसतात आणि त्याने कोणाला हिशेब द्यावा असे घटनेत कुठे लिहिलेले नाही. नाईक यांनी तरीही दरवर्षी राजभवनातल्या कामाचा छापील अहवाल काढला.